पिंगे-दीप्ती

प्रचीतीला भीड नावाची गोष्ट माहीत नव्हती, आणि तिला आणलं होतं तेही त्यासाठीच.

प्रचीती म्हणजे आमच्या केंद्रातली प्रयोगशाळा, जिच्यात माणसं काम करत नाहीत. सूसच्या टेकडीला लागून एक लांबलचक काचेचं दालन आहे. आत रुळांवरून सरकणारे यांत्रिक हात, शीतकपाटं, भट्ट्या, सूक्ष्मदर्शक. प्रसिद्ध झालेला एखादा शोधनिबंध तिला द्यायचा. प्रत्येक निबंधात पद्धतीचा एक भाग असतो: काय घेतलं, किती घेतलं, कितपत तापवलं, कशानं धुतलं. प्रचीती तेवढा भाग वाचते आणि तोच प्रयोग पहिल्यापासून करून बघते. निष्कर्ष जुळला तर निबंधावर 'प्रचीत' अशी मोहोर उमटते. नाही जुळला तर 'अप्रचीत'. लेखक कोण, कुठल्या संस्थेतला, कुणाचा जावई, याच्याशी तिला काही कर्तव्य नसतं.

पूर्वी हे काम आम्ही माणसं करायचो, म्हणजे खरं तर करायचो नाही. दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा करून बघण्यात कुणाला रस असणार? त्यानं ना बढती मिळते ना अनुदान. पुढे खोट्या निबंधांचा इतका सुळसुळाट झाला की औषध कंपन्यांनी आमचं काही वाचायचंच सोडलं, आणि मग सरकारला प्रचीती उभारावी लागली. पहिल्याच वर्षी दोन कुलगुरू घरी बसले.

मी तिथली पडताळणी-प्रमुख, डॉ. शलाका वाघचौरे. पद ऐकायला बरं वाटतं. रोज सकाळी मेट्रोनं बाणेरला उतरायचं, तिथून केंद्राच्या बसनं वाहतूक तुंबलेल्या रस्त्यावर अर्धा तास बसायचं आणि त्या वेळात लोकांच्या शिव्याशापांची ई-पत्रं वाचायची, असा माझा दिवस सुरू होतो. कुणाच्या लग्नाला गेले की समोरच्या पंगतीतला प्राध्यापक उठून दुसरीकडे बसतो. आमच्या सोसायटीत वनस्पतिशास्त्राचे एक गृहस्थ आहेत, ते लिफ्टमध्ये मी दिसले की जिन्यानं जातात. सहाव्या मजल्यावर राहतात, त्यामुळे तब्येत चांगली राहिली आहे त्यांची.

या सगळ्याचं मला फारसं काही वाटत नसे. खरं ते खरं, असं म्हणायला सोपं असतं, जोवर यादीत आपल्या घरचं नाव येत नाही.

ते त्या वर्षी श्रावणात आलं. जुन्या, पण अजून वापरात येऊ शकतील अशा निबंधांची पडताळणी सुरू झाली होती. त्यात डॉ. मनोहर पिंगे यांचा 'अश्रूंमधील स्वयंदीप्ती' हा निबंध होता. पिंगे सर माझे गाइड. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली, आणि त्या निबंधात शेवटून दुसरं नाव माझं आहे.

मी नियमाप्रमाणे संचालकांकडे गेले आणि हे काम दुसऱ्या कुणाला द्या म्हणाले. आमचे संचालक डॉ. मित्रा बंगाली आहेत. पुण्यात तीस वर्षं काढल्यामुळे त्यांना मराठी सगळं कळतं, बोलत मात्र नाहीत. इथे प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा विद्यार्थी आहे, परका माणूस आणू कुठून, असं ते हिंदीत म्हणाले. प्रयोग यंत्र करणार आहे, तू फक्त अहवालावर सही करायची आहेस, हेही म्हणाले. मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं. सरांचा प्रयोग चुकीचा निघेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

तो प्रयोग असा होता. माणसाची स्मृती जायला लागते त्याच्या कितीतरी आधीपासून मेंदूत काही प्रथिनांच्या गुठळ्या होऊ लागतात. त्यांचे अगदी बारीक तुकडे डोळ्यांतल्या पाण्यातही उतरतात. काही पदार्थ असे असतात की त्यांच्यावर निळा प्रकाश टाकला तर ते हिरवा परत करतात. याला दीप्ती म्हणतात. सरांनी वृद्धांच्या पापणीखाली गाळणकागदाची बारीक पट्टी ठेवून पाणी टिपलं, ते काचेच्या चौकोनी कुपीत उतरवलं आणि निळ्या प्रकाशात ठेवलं. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला त्यांच्या कुप्या हिरव्या उजळल्या, निरोगी माणसांच्या उजळल्या नाहीत. कुठली कुपी कुणाची हे मोजणाऱ्याला ठाऊक नव्हतं, म्हणजे आपल्याला हवं ते बघण्याचा प्रश्नच नव्हता. या गुठळ्या स्वतःच उजळतात, असा निष्कर्ष सरांनी काढला. या उजळण्याला पिंगे-दीप्ती असं नाव पडलं.

जर्मनीतल्या दोन प्रयोगशाळांना मात्र ती दिसली नाही. त्यावर सर म्हणाले होते, "कुप्या घाणेरड्या असतील त्यांच्या. धुवायला शिका म्हणावं." पुढे शोध तसाच पडून राहिला. आता एक कंपनी पुढे आली होती. मोहोर उमटली तर गावागावांतल्या दवाखान्यांत चालेल अशी स्वस्त चाचणी त्यातून होणार होती.

सरांची प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची दीड खोली. दीप्ती मोजायचं यंत्र तेव्हाही जुनंच होतं, पेटीएवढं, काट्याचं. कुप्या वाळवायला भट्टी नव्हती. यंत्र चालू असलं की त्याचं झाकण छान गरम व्हायचं, तेव्हा स्पिरिटनं विसळलेल्या कुप्या आम्ही त्यावरच पालथ्या घालायचो. सर सगळ्यांना आडनावानं हाक मारत. "वाघचौरे, हा आलेख आहे की वारूळ?" असं त्यांनी विचारलं की मी तो पुन्हा काढायची. माझ्या लग्नातसुद्धा ते नवऱ्याला म्हणाले होते, "वाघचौरेला सांभाळा हो." त्यांचा एक नियम होता: पहिला नमुना स्वतःचा. दुसऱ्याच्या डोळ्यात कागद घालण्याआधी आपल्या घालायचा, आणि त्याचा निकाल काहीही येवो, तो गाळायचा नाही.

प्रचीतीनं प्रयोग तीनदा केला. केंद्राच्या साठ्यात रुग्णांचे आणि निरोगी माणसांचे भरपूर नमुने होते. तिन्ही वेळा आलेखावर एक सपाट रेघ आली.

नियमाप्रमाणे लेखकाला सूचना गेली: पद्धतीत काही लिहायचं राहिलं असल्यास मुदतीत कळवावं, त्यानुसार प्रयोग पुन्हा केला जाईल. सरांचं उत्तर त्याच दिवशी आलं. "जे केलं ते लिहिलं आहे. जे लिहिलं आहे ते केलं आहे." खाली सही. मला ते वाचून अभिमानही वाटला आणि रागही आला. मुदत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संपत होती. त्यानंतर शहात्तर वर्षांच्या त्या माणसाच्या नावापुढे कायमचं 'अप्रचीत' लागणार होतं, आणि आमच्या क्षेत्रात त्या शब्दाचा अर्थ एकच घेतात. लबाड.

खंडेनवमीला केंद्रात शस्त्रपूजा असते. आमची शस्त्रं म्हणजे संगणक, झेरॉक्स आणि प्रचीती. प्रचीतीवर देखरेख करणारी अभियंता निलोफर मुजावर सांगलीची. तिनं सकाळीच दालनाच्या दारावर कागद चिकटवला होता: 'हार बाहेरच्या मुठीला घालावा. काचेला हात लावू नये.' झेंडूही तिनंच आणले होते, मार्केट यार्डातून, घासाघीस करून.

दुपारी तिचा फोन आला.

"मॅडम, जरा खाली या की ओ. ही अडून बसलीय."

प्रचीती थांबली होती. रोजचं काम सुरू करण्याआधी ती एक कोरी कुपी तपासते. कुपीत फक्त साधं प्रथिनाचं पाणी असतं, त्यात काहीच दिसायला नको. पडद्यावर लाल अक्षरं होती: कुपी अशुद्ध, दीप्ती आढळली.

"कुणी केलं हे?" मी विचारलं.

"आस्थापनेतल्या सुर्वेबाई, दुसरं कोण. तिथं कुप्यांचं नवं खोकं आलतं. त्याला हळदकुंकवाचं बोट लावलं त्यांनी. उघडंच होतं ते. मी विचारलं तर म्हणाल्या, खोकंपण हत्यारच की गं. आता काय बोलायचं सांगा." निलोफरनं कपाळाला हात लावला. "सगळं खोकं टाकून देते आणि दुसरं लावते."

"थांब," मी म्हणाले.

पडद्यावर लाल अक्षरांच्या खाली आलेख होता. डावीकडून सरळ चढणारा, माथ्यावर जरासा चपटा आणि उजवीकडे एक खांदा पाडून सावकाश उतरणारा डोंगर. तो खांदा मी ओळखत होते. प्रबंधासाठी तो आलेख मी इतक्यांदा काढला होता की अजूनही डोळे मिटून काढता येईल. ती पिंगे-दीप्ती होती, आणि त्या कुपीत कुणाच्याही डोळ्यांतलं पाणी नव्हतं.

मी खुर्ची ओढून बसले. 

आमच्या जिन्याखालच्या खोलीतही दसरा व्हायचा. पिंगेकाकू घरून हळदकुंकवाचा डबा घेऊन यायच्या आणि यंत्राच्या झाकणावर ओल्या हळदीनं भलंमोठं स्वस्तिक काढायच्या. ते पुसायचं नाही, अशी सरांची सक्त ताकीद होती. सर देवभोळे मुळीच नव्हते. पण पुसलं की काकू रुसायच्या. त्यामुळे ते वर्षभर तसंच राहायचं, आणि पुढच्या दसऱ्याला त्यावर नवं यायचं. त्याच झाकणावर आम्ही स्पिरिटनं ओल्या कुप्या पालथ्या घालत होतो. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये मात्र लगेच उतरतो. प्रत्येक कुपीच्या कडेला तो चढत असणार, डोळ्यांना दिसणार नाही इतका.

"म्हणजे पिंगे सरांनी हळद मोजली?" सगळं ऐकून निलोफर म्हणाली. "गेलं की मग सगळं."

मलाही आधी तसंच वाटलं. पण नुसती हळद असती तर निरोगी माणसांच्या कुप्याही उजळल्या असत्या, कारण झाकण सगळ्यांना एकच होतं. हळदीच्या रंगाचा एक गुण आता सगळ्यांना माहीत आहे: तो नेमका त्या गुठळ्यांना जाऊन चिकटतो, आणि चिकटला की कितीतरी पटींनी जास्त उजळतो. मोकळा राहिला तर जेमतेम; सुर्वेबाईंनी बोटभर हळद लावली म्हणूनच ती कोरी कुपी उजळली. म्हणजे सरांनी रोगी आणि निरोगी अगदी बरोबर वेगळे केले होते. गुठळ्या स्वतः उजळतात हे चूक होतं. त्यांना हळद उजळवत होती, आणि ती पद्धतीत लिहिलेली नव्हती. परदेशातल्या त्या दोन प्रयोगशाळांच्या कुप्या घाणेरड्या नव्हत्या. आमच्या होत्या.

"मग सांगा हिला, हळद घाल म्हणून," निलोफर म्हणाली.

तेच तर करता येत नव्हतं. प्रचीती लेखकानं लिहिलेलीच पद्धत वापरते, आणि परीक्षकानं लेखकाला काही सुचवायचं नाही असा नियम आहे. तो नियम लिहिणाऱ्या समितीत मी होते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी परीक्षकानं विद्यार्थ्याच्या घरी जाऊ नये. पण दसऱ्याला गाइडच्या घरी सोनं द्यायला मी दरवर्षी जाते, आणि यंदा न जाणं हीसुद्धा एक सूचनाच झाली असती, अशी मी स्वतःची समजूत घातली. आपट्याची पानं पर्समध्ये टाकली आणि एरंडवण्याला गेले.

काकूंनी दार उघडलं. "अहो, शलाका आलीये," त्यांनी आत वर्दी दिली.

सर खिडकीपाशी बसले होते. "ये, शलाका, बस. बरी आहेस ना?"

मी वाकून नमस्कार केला. इतक्या वर्षांत त्यांनी मला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. उद्या काय होणार ते त्यांना कळलंय आणि ते मला माफ करताहेत, असंच मला वाटलं.

ते जुनं यंत्र कोपऱ्यातच होतं. संस्थेनं भंगारात काढलं तेव्हा सरांनी ते घरी आणलं होतं. वर वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता.

"सर, दसऱ्याला याची पूजा करता अजून?"

"ही करते. काल केली. पेपर उचल, दिसेल."

मी गठ्ठा उचलला. खाली स्वस्तिक होतं. कालचं पिवळंधमक, आणि त्याखाली आधीच्या कितीतरी दसऱ्यांचे मातकट थर. मी काही बोलले नाही. नियम पाळायचा म्हणून नाही, मला शब्द सापडेनात म्हणून. सर माझ्याकडे बघत होते. मग त्यांची नजर झाकणावर गेली आणि तिथेच राहिली. त्यांनी हात लांब करून हळदीवर बोट ठेवलं, मग ते बोट खिडकीच्या उजेडात धरलं.

"आपण कुप्या कुठे वाळवायचो?" त्यांनी विचारलं.

"इथेच, सर."

 सर हसायला लागले. "आणि मी त्या जर्मनांना धुवायला शिका म्हणालो." हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसता पुसता हात मध्येच थांबला. "बघू या ना मग. आत्ताच. गाळणकागद आणि जुन्या कुप्या आहेत माझ्याकडे. स्पिरिट हिच्या देवघराच्या कपाटात असेल, आरसे पुसायचं."

"सर, एका नमुन्यानं काही सिद्ध होत नाही."

"सिद्ध तुझं यंत्र करेल. मला फक्त कळायला हवंय. पहिला नमुना स्वतःचा."

यंत्र तापेपर्यंत मी कुप्या विसळल्या. आधी दोन कुप्या स्वच्छ फडक्यावर वाळवल्या. एकीत माझ्या डोळ्यातलं पाणी, एकीत सरांचं. काटा दोन्ही वेळा जागचा हलला नाही. प्रचीतीला दिसलं तेच आम्हाला दिसलं. मग दोन कुप्या ओल्याच झाकणावर पालथ्या घातल्या, पूर्वीसारख्या. माझी लावली. काटा किंचित हलला आणि बसला.

सरांची लावली. काटा उठला आणि सरळ पलीकडच्या टोकाला जाऊन थरथरत राहिला.

"निघाली," सर म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "बरोबर होतं आपलं."

 त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुपीचा दोष असेल. कुप्या बदल."

मी अदलाबदल केली. माझं पाणी त्यांच्या कुपीत, त्यांचं माझ्या कुपीत, दोन्ही पुन्हा विसळून. माझं पुन्हा अंधारं आणि त्यांचं पुन्हा हिरवं. मग त्यांनी दुसऱ्या डोळ्याचं पाणी घ्यायला लावलं. हात धुवायला लावले, हळदीचं बोट लागलं असेल म्हणून. चूक शोधायला त्यांनी मला शिकवलेल्या सगळ्या युक्त्या आम्ही वापरल्या, आणि प्रत्येक युक्तीनंतर काटा तिथेच गेला. काय व्हावं अशी इच्छा करावी ते मला कळेना. काटा खाली राहिला तर सर लबाड ठरत होते, वर गेला तर आजारी. मला खूप भीती वाटत होती आणि माझे हात मात्र सराईतपणे कुप्या विसळत होते.

काकू ताटं घेऊन आल्या. "जमलं का तुमचं?"

"जमलं," सर म्हणाले.

"मग चेहरे असे का?"

सरांनी खुर्ची यंत्रापासून मागे घेतली. "बस जरा," ते काकूंना म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळले. "तू आल्यापासून मी तुझं आडनाव शोधतोय. चेहरा माहीत आहे, आलेख वारुळासारखे काढायचीस तेही माहीत आहे. हिनं दारात नाव घेतलं म्हणून वेळ निभावली."

काकूंनी ताट खाली ठेवलं. "मला वाटायचं वयामुळे असेल," त्या म्हणाल्या. "परवा गॅस चालू राहिला होता. मी काही बोलले नाही." त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मी उठून खिडकीपाशी गेले आणि रडले. कुणी मला थांबवलं नाही.

दुरुस्ती सरांनी जेवण झाल्यावर स्वतः लिहिली. मी दुसऱ्या खोलीत काकूंजवळ बसले, कारण परीक्षकानं तिथे असणं योग्य नव्हतं, आणि कारण पहिलं वाक्य ते पुन्हा पुन्हा खोडत होते ते मला बघवेना. अखेर त्यांनी कागद दाखवला. पद्धतीत हळदीचा उल्लेख राहिला, ती कुप्यांना कशी लागत होती, गुठळ्या स्वतः उजळतात हा निष्कर्ष चुकीचा होता, हे सगळं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं: दुरुस्त पद्धतीचा पहिला नमुना लेखकाचा स्वतःचा. दीप्ती आढळली.

"सर, हे शेवटचं काढा. ही खाजगी गोष्ट आहे. शिवाय कुणी म्हणेल, यांना आता आठवत नाही, यांच्या दुरुस्तीवर विश्वास कसा ठेवायचा?"

"पहिला नमुना गाळायचा नाही."

"पण सर…"

"गाळायचा नाही," ते म्हणाले, आणि काकूंच्या टॅबवरून त्यांनी तो कागद तसाच पाठवला.

मीही दुसऱ्या दिवशी डॉ. मित्रांना सगळं सांगितलं: मी गेले होते, स्वस्तिक मी बघितलं, यंत्राला हात लावला. ते तिघांची समिती बसवू म्हणाले. समितीपुढे सर पडद्यावर आले. इस्त्रीचा सदरा घातला होता, बाजूला काकू दिसत होत्या. दिल्लीहून आलेल्या सदस्य बाई सभ्य होत्या, पण मी भीत होते तोच प्रश्न त्यांनी विचारला. लेखकाच्या स्वतःच्या नमुन्यात दीप्ती आढळली असं लेखकच लिहितो, तर इतक्या वर्षांपूर्वी झाकणावर काय होतं या त्याच्या आठवणीवर भरवसा कसा ठेवायचा?

सर बोललेच नाहीत. पडदा अडकला की काय असं डॉ. मित्रांना वाटलं. पडदा अडकला नव्हता, काकूंची बांगडी हलताना दिसत होती. प्रश्नच निसटला असावा त्यांच्या हातून, असं मला वाटलं.

"मला हा आजार आहे," सर सावकाश म्हणाले, "हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"तुमच्याच चाचणीवरून."

"मग चाचणी बरोबर आहे."

बाईंनी चष्मा काढला. मित्रा चक्क मराठीत म्हणाले, "पुढे चला." मला नियम मोडल्याबद्दल लेखी समज मिळाली, ती मी नम्रपणे घेतली. अहवालावर सही निलोफरनं करायची असं ठरलं.

प्रचीतीनं दुरुस्त पद्धत वाचली आणि पुन्हा अडून बसली: हळद, प्रत नमूद नाही. "सांगलीची म्हणून लिहा, जगात दुसरी हळद हाय का?" निलोफर म्हणाली, पण शेवटी हळदीतला शुद्ध रंगच वापरायचं ठरलं. यांत्रिक हातांनी शेकडो कुप्यांना तो अगदी मोजून लावला, कुणालाही न सांगता, कुठलीही पूजा न करता. संध्याकाळी आलेख आला. जवळजवळ सपाट रेघ निरोगी माणसांची. रुग्णांचा डोंगर, खांद्यासकट.

'प्रचीत, दुरुस्तीसह' अशी मोहोर उमटली. कंपनीची माणसं आता कामाला लागली आहेत. लवकर कळलं तर उपयोग होईल अशी औषधंही अलीकडे निघाली आहेत. सरांना ती सुरू केली आहेत, पण त्यांना कळायला उशीरच झाला. ज्या चाचणीनं लवकर कळलं असतं ती इतकी वर्षं आमच्याच कागदांत पडून होती. या विचारानं मला अजून संताप येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

मी आता दर रविवारी एरंडवण्याला जाते. काकू दार उघडतात, पण वर्दी द्यायचं काम मी त्यांच्याकडून काढून घेतलं आहे.

"वाघचौरे आलीये, सर," मी दारातूनच म्हणते.

कधी उत्तर येतं, कधी येत नाही. गेल्या रविवारी ते यंत्रापाशीच बसले होते. मी त्यावरचे पेपर आवरायला हात घातला तसे ते दचकून वळले. मला ओळखलं की नाही, सांगता येणार नाही.

"कोण, वाघचौरे का?" ते म्हणाले. "बाई, झाकण पुसू नकोस."